पंख्याच्या बटणावरचा भावफलक

मापाऱ्याच्या हाताला एकदा संशय चिकटला की तो साबणाने जात नाही. सोनाराला आणि दूधवाल्याला लोक हसत हसत चोर म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांच्याच दारात उभे राहतात. मापाऱ्याला तोंडावर कोणी काही म्हणत नाही, नुसते त्याच्या बोटांकडे बघत राहतात. सेलूच्या अलीकडे रस्त्याला लागून मधुकररावांचं धान्यखरेदीचं आवार आहे. तिथे तानबा मापाऱ्याकडे महिनाभर सगळे असेच बघत होते, आणि मयुरीच्या कानावर त्यातलं काहीच आलं नव्हतं.

ती आली होती वेगळ्याच कामाला. नालवाडीत तिचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड बनवायचा कारखाना होता. कारखाना म्हणायचं आपलं. घराशेजारची पत्र्याची खोली, दोन टेबलं आणि सोल्डरिंगचा वास. महिन्याभरापूर्वी मधुकररावांनी तूर-हरभऱ्याचा भाव दाखवायला तिच्याकडून मोठा भावफलक करून घेतला होता, लाल आकड्यांचा, रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीतूनही वाचता येईल असा. त्याची मधली ओळ अर्धी विझली म्हणून सकाळी फोन आला, आणि लॅपटॉपची बॅग स्कूटीला अडकवून ती निघाली.

फाटकाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर तानबा बसला होता. मांडीवर वही, कानावर पेन. मयुरीने स्कूटी थांबवली. हा माणूस फाटकाशी बसलेला तिने कधी पाहिला नव्हता.

"काकाजी, तुम्ही इथं? काट्यावर कोण आहे मग?"

"आजपासून मालक सोताच बसते," तानबा म्हणाला. "मी गाड्याचे नंबर लिवतो. बरं आहे, सावली आहे."

"काऊन? काय झालं?"

तानबाने पेन कानावरून काढलं, वहीवर ठेवलं, पुन्हा कानावर ठेवलं. "पोतं कमी भरून राह्यलं म्हणते लोक. पुंडलिकरावानं घरून मोजून आणलं हरभऱ्याचं पोतं. पन्नास किलो, बरोबर. इथं साडेएकोणपन्नासाच्या खाली. दुसऱ्या कोणाचं जास्तही भरलं असन, पण ज्याचं जास्त भरते तो कायले बोंबलते?"

"काटा बिघडला असन ना."

"वजन-मापाचे साहेब तीनदा येऊन गेले. शिक्क्याचे वजनं ठेवून पाह्यले. काटा एकदम बरोबर." तो मान खाली घालून वहीच्या रेघा बघत म्हणाला, "काटा बरोबर म्हटल्यावर खोटं कोण राह्यलं, तूच सांग."

हा माणूस एकतीस वर्षं या आवारात माप करत होता. लोखंडी तराजूच्या काळापासून. पहिल्या पोत्याला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायचा, अशी जुन्या वळणाची त्याची मोजणी. बोर्ड लावायला ती आली होती तेव्हा त्यानेच शिडी धरली होती आणि खाली उतरल्यावर खिशातून मूठभर भाजलेले फुटाणे काढून दिले होते. "होईल बरोबर," असं काहीतरी पुटपुटून ती आत गेली. आपल्या बोलण्यात काही अर्थ नाही हे तिलाही कळत होतं.

आत दुपारची सामसूम होती. हर्रास, म्हणजे धान्याचा लिलाव, सकाळीच आटोपला होता, हमाल पोत्यांवर आडवे झाले होते. मधुकरराव गादीवर बसून फोनवर कोणाशी तरी हिंदीत भाव ठरवत होते. त्यांनी हातानेच बोर्डाकडे बोट दाखवलं. मयुरीने शिडी लावली. बोर्ड शेडच्या लोखंडी खांबावर होता आणि त्याच्या बरोबर खाली इलेक्ट्रॉनिक काटा. काट्याचा आकडे दाखवणारा डबाही त्याच खांबाला टांगलेला. दोन्हींच्या वायरी एकत्र, प्लास्टिकच्या पट्ट्यांनी एकसारख्या बांधलेल्या. ती बांधणी मयुरीचीच. वायरी लोंबकळलेल्या तिला खपत नसत.

दोष किरकोळ निघाला. एक कनेक्टर सैल झाला होता. तिने तो घट्ट बसवला आणि एका हमालाला हाक मारली, "भाऊ, बोर्डाचं बटण दाबा जरा."

हमालाने झोपेतच उठून बटण दाबलं. काट्याजवळचे दोन्ही उभे फर्राटे पंखे गरगरू लागले आणि बोर्डही लागला. मधली ओळ लालभडक. मयुरीने समाधानाने खाली पाहिलं, आणि तिची नजर काट्याच्या डब्यावर गेली.

काटा रिकामा होता. त्यावर दाणाही नव्हता. डब्यावर शून्य असायला हवं होतं, तिथे हळूहळू दोनशे ग्रॅम झालं, मग साडेतीनशे. तिथे थोडं थांबलं, मागे फिरलं आणि शून्याच्याही खाली गेलं. कोणी अदृश्य माणूस काट्यावर पाय ठेवावा की नाही याचा विचार करत असावा, तसं.

पंख्याची हवा लागत असेल, मयुरीने स्वतःला सांगितलं. शिडीवर उभं असलेल्या माणसाने स्वतःला असं काहीतरी सांगावंच लागतं. मग तिने हात लांब करून बोर्डाची पिन उपटली. पंखे तसेच गरगरत होते. आकडा शून्यावर आला आणि खिळा ठोकल्यासारखा तिथेच थांबला. पिन लावली, आकडा चालू लागला. पुन्हा काढली, पुन्हा शून्य. चौथ्यांदा करून बघायची गरज नव्हती, तरी तिने केलं.

आता तीन वेळा आलेल्या साहेबांना काटा बरोबर का सापडला, तेही तिला कळलं. वजनं तपासताना पंख्याची हवा लागू नये म्हणून आधी पंखे बंद करायचे, हा इथला शिरस्ता. रोज सकाळी काट्याला हळदकुंकू लावून तानबा वजनं ठेवून बघायचा तेव्हाही पंखे बंदच. आणि बोर्ड बसवताना नवीन बटण कशाला, नवीन वायर कशाला, म्हणून मधुकररावांनी सुचवलं होतं की पंख्याच्याच बटणावर जोडून टाका, आणि मयुरीने जोडून टाकला होता. तपासणीची वेळ आली की चोराला आधी घरी पाठवायचा आणि मग घराची झडती घ्यायची, असा सगळा कारभार चालला होता.

ती खाली उतरली, कडुनिंबाच्या पारावर जाऊन बसली आणि लॅपटॉप उघडला. कारण काय ते तिला शोधावं लागलं नाही, ते तिला माहीत होतं. बोर्डाच्या पोटात एक घड्याळ असतं. वेळ दाखवणारं नव्हे, नुसते ठोके देणारं, सेकंदाला लाखो. प्रत्येक ठोक्याला वायरीतून थोडा विजेचा गोंगाट बाहेर गळतो. ठोके जितके तंतोतंत, तितका तो सगळा गोंगाट एकाच ठेक्यावर साचतो. काट्याच्या डब्यालाही आपलं घड्याळ असतं. त्याच्या ठेक्यावर तो पोत्याचं वजन डोकावून बघतो. या दोघांचे ठेके जुळत आले की काटा डोकावतो त्याच क्षणी बोर्डाचा धक्का बसतो. बंगईला दर झोक्याला बरोबर वेळेवर बोट लावलं तर एका बोटाने माणूस आढ्यापर्यंत जातो, तसंच हे.

यावर उपाय होता, आणि तोही बोर्डाच्या चिपमध्येच. स्प्रेड स्पेक्ट्रम म्हणतात त्याला. घड्याळाला एकसुरी ठोके देऊ द्यायचे नाहीत. शेकड्यात एखाद्या भागाने कधी किंचित जलद, कधी किंचित मंद, असं मुद्दाम डुलत ठेवायचं. गोंगाट तेवढाच राहतो, पण तो एका जागी न साचता आजूबाजूला पातळ पसरतो. मग काट्याला एक धक्का पुढून बसतो, दुसरा मागून, आणि ते एकमेकांत जिरून जातात. प्रोग्राममधली एक ओळ फक्त चालू करायची. नागपूरच्या प्रयोगशाळेत बोर्ड त्या ओळीशिवायच पास झाला होता, अगदी काठावर, म्हणून मयुरीने त्या ओळीपुढे लिहून ठेवलं होतं: नंतर बघू.

ते दोन शब्द पडद्यावर वाचताना तिला स्वतःची लाज वाटली.

ओळ चालू केली, प्रोग्राम बोर्डात भरला, पंखे लावले, बोर्ड लावला. काटा शून्यावर. कोपऱ्यातलं शिक्क्याचं वीस किलोचं वजन तिने स्वतःच उचलून ठेवलं. वीस. पंधरा मिनिटं ती त्या आकड्याकडे बघत बसली. तो तसूभर हलला नाही.

"झालं का ताई?" फोन खाली ठेवत मधुकरराव म्हणाले.

"झालं."

"वा. लाल ओळ मस्त दिसून राह्यली. हिंगणघाटच्या आमच्या साडूले तुमचा नंबर दिला बरं का. आर्वीलेही दोघं विचारत होते."

मयुरीने मान हलवली, बॅग उचलली आणि फाटकातून बाहेर पडली. तानबाने तिच्या स्कूटीचा नंबर वहीत लिहून घेतला, काम ते काम. "सांभाळून जाजो," म्हणाला.

परतीच्या वाटेवर पवनार येईपर्यंत तिने स्वतःची चांगली समजूत घातली होती. काटा सुधारला. आता कोणाचं पोतं कमी भरणार नाही. आठ दिवसांत लोक विसरतील, मधुकरराव तानबाला परत काट्यावर बसवतील. कोणाला सांगून करायचं काय? बोर्डात दोष निघाला म्हटलं की हिंगणघाट गेलं, आर्वी गेली, आणि नालवाडीच्या त्या पत्र्याच्या खोलीला कुलूप. पुलाअलीकडे रसवंती होती, तिथे ती थांबली. रसवंतीवाल्याच्या चरकाचे घुंगरू वाजत होते. रसाचा पेला हातात आला, आणि तिच्या लक्षात आलं की उद्या काय होणार.

उद्या काटा बरोबर चालणार. परवाही चालणार. आणि प्रत्येक जण म्हणणार, बघा, तानबाला काट्यावरून उतरवलं आणि वजन बरोबर यायला लागलं. इतके दिवस नुसता संशय होता. तिने केलेली दुरुस्ती हाच आता त्याच्याविरुद्धचा पुरावा होणार होता.

रस तसाच ठेवून तिने स्कूटी वळवली.

मधुकररावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. व्यापारी होता, आणि व्यापाऱ्याला आरडाओरड्यापेक्षा सारवासारव जवळची. त्यांनी दार लोटून घेतलं.

"ताई, झालं ते झालं. सुधारलं ना तुम्ही? मंग गाजावाजा कायले? मी लोकाईले समजावतो. म्हणतो, शेडचं वायरिंग जुनं आहे, लाईट कमी-जास्त होते, पंख्याची हवा लागते, थोडं तानबाचंही वय झालं. असं सगळ्यात वाटून टाकू. कोणाच्याच डोक्यावर नाई येत. तुमचंही नाव नाई, माहंही नाई."

मयुरीला त्याही परिस्थितीत हसू आलं. दुपारी पारावर बसून तिने बोर्डाच्या गोंगाटाचं हेच केलं होतं. पण गोंगाटाला अब्रू नसते. तिला भीतीही वाटत होती.

"नको भाऊ," ती म्हणाली. "तानबाजीच्या वाट्याले त्यातलं थोडंही नको. उद्या हर्रासाच्या वेळी मी येते. पुंडलिकरावांना बोलवा. वायरी आहेत तशाच राहू द्या, कोणी हात लावू नका."

"साडूचा बोर्ड मंग मी थांबवतो सध्या," मधुकरराव म्हणाले. रागाने नव्हे, सरळ.

"थांबवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आवार भरलं होतं. हरभऱ्याच्या गाड्या रस्त्यापर्यंत लागल्या होत्या. मयुरीने बोर्डात मुद्दाम जुना प्रोग्राम भरला, मग फाटकाशी गेली आणि तानबाला म्हणाली, "काकाजी, चला. वजनं तुम्हाला ठेवायची आहेत."

"मी नाई येत त्या काट्यापाशी."

"माझ्यासाठी चला."

तो आला, पण दोन हात लांब उभा राहिला. लोक सरकले. पुंडलिकराव पुढेच होते, उंच, काटक, डोक्याला गुंडाळलेला पांढरा दुपट्टा. कोणाच्या बापाला न भिणारा आणि कोणावर लवकर विश्वास न ठेवणारा माणूस. मयुरीने आधी पंखे बंद करायला सांगितले. पंख्यांबरोबर बोर्डही विझला. तानबाने वजन ठेवलं. वीस किलो. "साहेब येतात तेव्हा असं असते," ती म्हणाली. मग बटण दाबलं. पंखे लागले, बोर्ड लागला, आणि वीसचा आकडा सगळ्यांच्या देखत चालू लागला. वीस-दोनशे. वीस-चारशे. मग मागे, एकोणीस-चारशे.

"हवा लागते पंख्याची," कोणीतरी म्हणालं.

मयुरीने पंख्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं. आकडा चालतच होता. मग बोर्डाची पिन काढली. वीस.

"पुन्हा लाव," पुंडलिकराव म्हणाले.

तिने लावली. त्यांनी तीनदा लावायला सांगितलं, तीनदा काढायला सांगितलं. शेवटच्या वेळी पिन स्वतःच्या हाताने ओढली, आणि मग बोर्डाकडे असं पाहिलं की जणू ते पिकात शिरलेलं डुक्कर होतं.

"म्हणजे हा भाव सांगणारा पोतं खाऊन राह्यला होता?"

लोक हसले. मयुरी हसली नाही. ती लोकांकडे वळून म्हणाली, "हा बोर्ड माझा आहे. त्याचा गोंगाट काट्यात जात होता. तो थांबवायची सोय मला माहीत होती, मी ती चालू केली नव्हती. पंख्याच्या बटणावरही मीच जोडला, दोघांच्या वायरी एकत्र मीच बांधल्या. चूक माझी आहे. तानबाजींचा यात काही संबंध नाही. ज्यांची पोती या महिन्यात इथं मोजली गेली, त्यांचं कसं करायचं ते मधुकरराव तुमच्याबरोबर बसून ठरवतील, आणि मीही बसेन."

मग तिने नवीन प्रोग्राम भरला. पाच मिनिटं लागली, तेवढ्या वेळात कोणी जागचं हललं नाही. बोर्ड लागला, पंखे लागले, तानबाने वजन ठेवलं. वीस. वायरी सोडवून ती बोर्डाची वायर वेगळी नेत होती, तेव्हाही लोक त्या आकड्याकडेच बघत होते. मधुकररावांनी कोणालातरी सांगितलं की आजच्या आज बोर्डाला वेगळं बटण बसवा.

पुंडलिकरावांनी डोक्याचा दुपट्टा काढला. "तानबा, मी चार लोकाईत बोललो होतो. आता चार लोकाईतच म्हणतो. चुकलो मी."

"तुहं काय चुकलं?" तानबा म्हणाला. "पोतं कमीच भरत होतं. तू खोटं नाई बोलला."

मधुकरराव काट्यामागच्या स्टुलावरून उठले आणि त्यांनी ते त्याच्याकडे सरकवलं. तानबा बसला नाही. तो मयुरीजवळ आला. ती वायर बांधायला खाली वाकली होती, तोही तिच्याजवळ उकिडवा बसला आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात बोलू लागला.

"पोरी, मालकानं नाई उतरवलं मले. मीच म्हटलं, मले उतरवा."

मयुरीने हातातली पट्टी खाली ठेवली. "काऊन काकाजी?"

"मले वाटे माहाच हात लागत असन काट्याले. म्हातारपणी समजत नाई ना. हात ठेवलेला असते आणि आपल्याले मालूमच नसते. घरी पाण्यानं भरलेला तांब्या धरून बसो, पाहो सांडते का. सांडे नाई. तरी वाटे, तिथं गेल्यावर थरथरत असन. एकतीस वर्षात किती पोते असे मारले असन मी, रात्रभर तेच मोजत राहो." त्याने आपले दोन्ही तळवे तिच्यापुढे उघडे धरले. "तुले यातलं समजते म्हणून विचारतो. खरंच माहा हात नव्हता?"

"नव्हता, काकाजी."

"एकदाही नाई?"

"एकदाही नाही."

तानबा मग रडला, चारचौघांत, तोंड न लपवता. कोणी त्याची समजूत घातली नाही, कोणी दुसरीकडे बघितलंही नाही. मग त्याने उपरण्याने तोंड पुसलं, स्टुलावर जाऊन बसला आणि पुंडलिकरावांना म्हणाला, "आण तुहं पोतं."